खुणेच्या मागचं कापड

क्लासच्या सरांनी पालकांना बोलावलं होतं. मुलगा आणि सून दोघंही कामावर, म्हणून पालक म्हणजे मीच. सुरतेत, लिंबायतमधल्या आमच्या गल्लीपासून क्लास लांब नाही, पण रस्ता खोदून ठेवलेला आणि माझे गुडघे गेलेले. त्यात क्लास दुसऱ्या मजल्यावर. म्हाताऱ्या माणसाला बोलावणाऱ्याने स्वतः खाली यायला काय हरकत असते, ते मला अजून कळलेलं नाही. वर पोचले तेव्हाच माझं डोकं तापलेलं होतं.

माझी नात बारावीला आहे, सायन्सला. मुलाने तिला आधीच बजावलं होतं की या चाचणीत गणित सुटलं तर पुढे शीक, नाहीतर क्लास बंद आणि आईबरोबर साड्यांच्या पॅकिंगला चल. माझा मुलगा नुसती धमकी देत नाही. बोलला की करतो.

सर तरुण, गुजराती, बोलायला गोड. नात माझ्या शेजारी उभी.

"बा, बेसो," ते म्हणाले आणि पेपर माझ्यासमोर ठेवला. "छोकरी हुशार छे, पण हे बघा."

मला त्यातलं काय दिसणार? आकडे आणि लाल रेघा. त्यांनी बोट ठेवून दाखवलं. वरचं सगळं बरोबर होतं. शेवटी उत्तराआधी एक आडवी रेघ होती, वजाची, ती पोरीने खोडून अधिक केलं होतं. एका गणितात नाही, त्या जातीच्या सगळ्या गणितांत.

"वस्तू कमी कमी होत चालली आहे, आणि ही लिहिते की पुढे जाऊन ती वाढेल. एवढी समज नको का? बा, सायन्स हिला नाही जमणार."

"तुम्ही हिला विचारलंत का, खोडलं कशाला?"

"बा, साठ मुलं आहेत. किती जणांना विचारू?"

"साठ जणांची हजेरी घेता ना रोज? त्यातच विचारायचं."

सर हसले. मी नाही हसले. नापास झालेल्यांची चाचणी सोमवारी पुन्हा आहे, एवढं सांगून त्यांनी आम्हाला वाटेला लावलं. पोर सगळा वेळ भिंतीकडे बघत उभी होती. मला त्याचाही राग आला.

घरी येऊन मी मेथी निवडायला घेतली आणि तिला समोर बसवलं.

"काय व्हयनं ते सांग."

"आजी, तुला नाही कळणार."

"मला कळावं म्हणून नाही विचारत. तुझं तोंड उघडावं म्हणून विचारते."

मग बोलली. एक पदार्थ असतो, तो आपोआप कमी होत जातो. ठराविक वेळात निम्मा, मग निम्म्याचा निम्मा. गणितात दिलेलं, सोमवारी सकाळी वजन केलं तर पन्नास ग्रॅम. वेळ तिथून मोजायची. आणि तो ऐंशी ग्रॅम असण्याची वेळ काढायची.

"मग?"

"मग वेळ मायनस येते."

"मग मायनस लिहायची."

"वेळ मायनस नसते. सरांनीच सांगितलं होतं. चेंडू वर फेकायच्या गणितात दोन उत्तरं आली, तेव्हा म्हणाले, मायनसवालं सोडून द्या. इथे एकच उत्तर येतं. ते सोडलं तर हातात काय उरतं? म्हणून चिन्ह बदललं."

"सोमवारच्या मागे बघायला काय झालं होतं?"

"मागचं आपलं नसतं ना, आजी."

हे तिच्या बापाचं वाक्य. तो लूमच्या खात्यात, म्हणजे मागांच्या कारखान्यात, कारीगर आहे. मजुरी विणलेल्या कापडावर, म्हणून पाळी बदलली की कापडावर खडूची खूण करतात. खुणेच्या पुढचं विणलेलं तुझं, मागचं आधीच्या पाळीवाल्याचं. एकदा दुसऱ्या पाळीच्या जोडीदाराने त्याच्यावर खूण सरकवल्याचा आळ घेतला होता. आळ खोटा होता, पण सगळ्या खात्यासमोर याने मार खाल्ला. तेव्हापासून हे त्याच्या डोक्यात बसलं आहे. ही लहानपणी डबा घेऊन गेली आणि खुणेच्या मागच्या कापडाला नुसता हात लावला, तर तिथेच तिच्या थोबाडीत मारली. खुणेच्या मागे बघायचं नाही! पोरीने बघितलं नाही. गणितातसुद्धा नाही.

मेथीची जुडी मी परातीत आपटली.

"म्हणजे तू खूण सरकवलीस."

"मी कुठे?"

"मागचं होतं ते उचलून पुढे टाकलंस. खात्यात याला काय म्हणतात?"

"चोरी," ती हळूच म्हणाली.

"आणि मागचं आपलं नाही म्हणून ते कापडच नाही का? कोणी विणलंच नव्हतं?"

तिने पेपर ओढून घेतला आणि स्वतःशीच बोलायला लागली. "म्हणजे ते मागेच होतं. सोमवारच्या आधी जास्त होतं, तेव्हाच ऐंशी होतं. मोजायला लागायच्या आधीची वेळ. आजी, मायनस बरोबर होतं!"

"ते तुझं तू बघ. आधी ती मेथी उचल."

मला गणित तेव्हा कळलं नाही, आजही कळत नाही. मी चौथीपर्यंत शिकले. पाचवीत का पाठवलं नाही, ते मला कोणी सांगितलं नाही. मला एवढंच कळतं की पोराला अर्धी गोष्ट सांगायची आणि शिक्षा मात्र पूर्ण द्यायची, हा हरामखोरपणा आहे. संध्याकाळी मुलगा घरी आला तेव्हा हेच त्याला ऐकवलं.

"माय, नापास ती झाली आणि दोष माझा?"

"तुझा. आणि त्या सराचा. खुणेच्या मागे बघायचं नाही हे तिला कोणी शिकवलं?"

तो अंगावरचा तेलकट शर्ट काढता काढता थांबला. "सोमवारी बघू," म्हणाला आणि मोरीत गेला.

सोमवारी तिने परत पेपर दिला. या वेळी वजाचं चिन्ह तसंच ठेवलं आणि त्याच्याखाली लिहिलं, 'मोजायला सुरुवात करण्याआधी'. पास झाली. मुलाने पेपर हातात घेऊन बराच वेळ पाहिला.

"मागचं लिहिलेलं चालतं?"

"चालतं, बाबा. मागचं होतं म्हणून तर आजचं उरलं."

त्याने पेपरची घडी घालून तिला परत दिली. "जा क्लासला," म्हणाला.

मी म्हटलं, "आता तूही जा. त्या सरांना सांग, चेंडूचं सांगताना मायनस कधी ठेवायचं तेही सांगत जा. बाकीची पोरंही खोडत असतील."

"माय, मी त्यांच्याशी काय बोलणार? मी लूमवाला."

तो गेला नाही. पुढच्या आठवड्यात मीच गेले, जिन्याला शिव्या देत. सरांनी मला पाहिलं आणि खुर्ची पुढे केली. "बा, बेसो."

मी बसले नाही. उभ्यानेच चेंडूचा विषय काढला.