नदीत सापडलेले देव

ही गोष्ट मी वर्षानुवर्षं टाळली. पण आज सून चिंचेने पितळ घासत होती आणि तो आंबट वास सहन होईना. मी लहान असताना शेजारच्या विधवा मावशीने बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर घरचे पितळी देव स्वतःच नदीत सोडले होते, हे मला ठाऊक नव्हतं. उन्हाळ्यात ते मला नदीच्या कोरड्या वाळूत दिसले. पुरात वाहून गेले असतील, मावशी खूश होईल, म्हणून मी ते चिंचेने लखलखीत घासून तिच्या दारी नेले. आत वस्तीतली माणसं बुद्धवंदनेला जमली होती. “नदीत सोडले म्हणत होती ना? मंग या पोरापाशी दडवले होते काय, बाई?” त्या झळाळीकडे पाहत एक म्हातारा म्हणाला. “काहून आणले रे बाप्पा?” मावशीचा आवाज रडवेला झाला. नदीत सापडले, एवढंच मी सांगायला हवं होतं. पण मी घाबरून पळालो. त्यानंतर कित्येक दिवस तिच्या घरी वंदनेला कोणी आलं नाही. “मावशी, चूक माझी होती, मले माफ कर,” हे ती जाईपर्यंत माझ्या तोंडून निघालं नाही.