मामा आणि लोकांच्या पाठी

माझ्या बायकोचे मामा यच्चयावत माणसांना पाठीवरून ओळखतात. शिरूरला मणक्यांची ऑपरेशनं करण्यात हयात गेली, त्यामुळे चेहरा हा त्यांच्या लेखी माणसाचा बिनकामाचा भाग. लग्नाच्या बैठकीत माझी ओळख करून दिली, तर नमस्कार राहिला बाजूला; मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं, कमरेवर अंगठा दाबला आणि म्हणाले, "मुलगा सरळ आहे." बायकोला त्या सर्टिफिकेटबद्दल अजून शंका आहे.

मामांचा जीव अडकलेला असायचा तो ऑपरेशनच्या आधीच्या तासात. "मोडका मणका मी स्क्रू आणि रॉडनं धरून ठेवीन हो, पण आतली नस उचलणाऱ्यांनीच चिरडली तर काय करू?" असं म्हणत ते दिसेल त्या गावात प्रात्यक्षिक मांडत. राहू गावातल्या एका लग्नात पंगतीआधी त्यांनी नवरदेवाच्या थोरल्या भावाला, बबनला, सतरंजीवर आडवं घातलं. एकानं डोकं धरायचं, बाकीच्यांनी खांदा, कंबर, पाय. सगळं अंग ओंडक्यासारखं एकदम वळवायचं आणि खाली फळी सरकवायची. "उठवून बसवायचं नाही! पाणी पाजायचं नाही!" मामा ओरडत होते. लोक पोट धरून हसले, टाळ्या वाजल्या, आणि सगळे जिलबीवर तुटून पडले.

गेल्या हंगामात तोच बबन उसाच्या ट्रॉलीवरून पाठीवर पडला. पडला तेव्हा पायाची बोटं हलत होती. "मला बसवू नगा, डाक्टरांनी सांगितलंय," असं तो विनवत होता म्हणे. भावांनी त्याला उठवून बसवलं, पाणी पाजलं आणि जीपमध्ये दोघांच्या मधे बसवून शिरूरला आणलं. तोवर बोटं थांबली होती. मामांनी रॉड बसवला. मणका पक्का झाला, पाय काही परत आले नाहीत.

"लई घाबरला हुता ओ, पानी बी न्हाई द्यायचं म्हंजी काय?" धाकटा भाऊ रडत म्हणाला. इतकी माया, आणि तिनंच घात केला. मामांना रागवताही येईना, आणि मला ते बघवेना.

आता पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून भाऊच बबनला कुशीवर वळवतात. परवा मामांबरोबर मी राहूला गेलो होतो. एकानं डोकं धरलं, बाकीच्यांनी खांदा, कंबर, पाय. आणि एकदम वळवलं. तसूभरही वाकडं नाही.

"आता बराबर हाय का, डाक्टर?" बबननं विचारलं.

"अगदी बरोबर," मामा म्हणाले, आणि बाहेर ओसरीवर जाऊन आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. इतक्या वर्षांत मी त्यांना मागून कधी पाहिलंच नव्हतं. मामा पार वाकले होते.