व्याह्यांचा कोंडलेला उंट

आमच्या ठकीचं लग्न एका उंटापायी मोडता मोडता राहिलं. (उंट शिसवी लाकडाचा, करंगळीएवढा.)

त्या वेळी मी ठाण्याच्या कचेरीत कारकुनी करत होतो आणि बुद्धिबळात आपल्याला तोड नाही अशा समजुतीत होतो. या समजुतीचं मूळ म्हणजे कचेरीत माझ्या शेजारी बसणारा पेद्रू. त्याला कुणा पाद्रीबाबानं डावाची विलायती सुरुवात दाखवली होती, ती त्यानं मला दाखवली. आपल्याकडे कसं, प्यादी समोरासमोर आली की हाणामारी. विलायती तऱ्हा निराळी. आपला उंट दुरूनच समोरच्या घोड्यावर रोखायचा, म्हणजे घोडा हलला की त्याच्याच राजाला शह. मग एकेक प्यादं पुढे सारत समोरच्याची सगळी मोहरी त्यांच्याच घरात कोंडायची. मारायचं कुणालाच नाही, नुसतं गुदमरवायचं.

"पण नात्यातल्या माणसाशी हे खेळू नको रे," पेद्रू म्हणाला होता. "माझा सासरा अजून माझ्याशी बोलत नाय."

मी हसण्यावारी नेलं. इथवर सगळं ठीक होतं.

ठकी माझी धाकटी बहीण. पत्रिकेत मंगळ असा कडक, की स्थळं अंगणातूनच परतायची. अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, जोडे झिजवून शेवटी कल्याणचं एक स्थळ जमवलं. मुलगा शांत, घर खाऊनपिऊन सुखी, आणि मुलाचे वडील बापूसाहेब पत्रिकेवर विश्वास न ठेवणारे. असा माणूस पुन्हा मिळणं नव्हतं. आई तर त्यांचं नाव निघालं तरी हात जोडायची.

मुहूर्त गोरज होता. सकाळी अण्णांनी मला जानवसघरी, म्हणजे वऱ्हाड उतरलं होतं तिथे धाडलं.

"बापूसाहेबांना बुद्धिबळाचा शौक आहे म्हणतात. जरा खेळून त्यांचं मन रमव. आणि जिंकू नकोस."

जिंकायचं माझ्या मनातही नव्हतं, खरंच. फक्त आधी विलायती सुरुवात दाखवावी आणि मग सावकाश हरावं, असा बेत होता. सुरुवात फारच छान वठली! बापूसाहेबांचा घोडा खिळला, उंट त्यांच्याच प्याद्यांमागे अडकला, हत्ती कोपऱ्यात उभा तो उभाच. ते पटाकडे बघत राहिले. इतक्यात पानं वाढल्याची हाळी आली, पट तसाच ठेवून आम्ही उठलो, आणि मी हरायचा राहिलो.

पंगतीत बापूसाहेब गप्प. भाताला हात नाही, जिलबीकडे नजर नाही. आमच्या मांडवात एकदम धावपळ सुरू झाली, कारण वरबापानं रुसायचं ही रीतच. आणि रुसवा कशाचा हे विचारायचं नसतं. विचारलं की "ते आम्हीच सांगायचं काय?" असा दुसरा रुसवा सुरू होतो. ते आपलं आपण ओळखायचं. आमची आत्या त्यात तरबेज समजली जायची.

"पाटाला चांदीची फुल्ली नाही, त्याचा राग," आत्या म्हणाली. पाट बदलला. बापूसाहेब नव्या पाटावर बसले आणि पुन्हा गप्प.

"शाल कमी प्रतीची होती," आत्या म्हणाली. अण्णांनी स्वतःची ठेवणीतली शाल आणून त्यांच्या खांद्यावर घातली. पहिली अंगावर होतीच. वैशाखाचं ऊन, वर दोन शाली, बापूसाहेबांचा चेहरा लालबुंद.

"बघा, राग चढतोय," आत्या म्हणाली.

आई माजघरात रडायला लागली. नवरीच्या वेशात बसलेली ठकी मला म्हणाली, "दादा, काहीतरी कर ना. मला आता परत नाही ना रे पाठवणार?" जायच्या आधीच ती परत यायचं बोलत होती!

मी पंगतीत धावलो. बापूसाहेबांनी पानावर मिठाची ओळ मांडली होती, तिच्यामागे लिंबाची फोड. ती फोड ते तिरकी सरकवत होते, मिठाला लागली की पुन्हा मागे घेत होते.

"लिंबू पसंत नाही," अण्णा कुजबुजले. "दुसरी लिंबं आणा रे."

लिंबू कसलं? तो उंट होता!

मी कानाशी लागलो. "बापूसाहेब, डाव पुरा करू या का?" ते ताडकन उठले, दोन्ही शालींसकट. मागून अख्खा मांडव हवालदिल. वरबाप भरल्या पानावरून उठून गेला, आता काय उरलं?

जानवसघरी मी म्हटलं, "मी हा डाव सोडतो. तुम्ही जिंकलात."

"सोडलेला डाव मी घेत नाही."

मग हरायला लागलो. पण ज्याला चहूकडून कोंडलंय, त्याच्याशी हरायचं तरी कसं? मी वजीर त्यांच्या दारात नेऊन ठेवला.

"मारा ना."

"कशानं मारू? माझं एक तरी मोहरं हलण्याजोगं ठेवलं आहेस का?"

ऊन कललं, बाहेर वाजंत्री लागली. नवरदेव मुंडावळ्या बांधून घोड्यावर बसला. जोशीबुवा दारातून ओरडले, "घटका भरत आली."

"बाहेरचा घोडा थांबेल," बापूसाहेब म्हणाले. "आधी हा इथला सुटू दे."

आता लाज सोडली. रोखलेला उंट मागे घेतला, प्याद्यांची फळी माझ्याच हातानं फोडली, मोठ्या कष्टानं बांधलेलं सगळं उधळलं. बापूसाहेबांचा उंट बाहेर पडला, मागोमाग घोडा, मग हत्ती, आणि बघता बघता त्यांनी मला प्यादेमात दिली. म्हणजे शेवटचा शह प्याद्याचा. हरणाऱ्याची याहून मोठी शोभा आपल्या खेळात नाही.

बापूसाहेबांनी शाली भिरकावल्या, घाम पुसला आणि मांडवात शिरताच म्हणाले, "व्याहीबुवा, जिलबी उरली आहे का?" ठकीवर वेळेवर अक्षता पडल्या. आईनं डोळे पुसले. आत्या अजून सांगते, ठेवणीतल्या शालीनं काम झालं.

मी मात्र आल्यागेल्याला एकच सांगायचो, की बहिणीसाठी मुद्दाम हरलो. दिवाळीला ठकी माहेरी आली तेव्हा तिला विचारलं, "तुझ्या सासऱ्यांच्या कानावर घातलंस ना, मी मुद्दाम हरलो म्हणून?"

"घातलं तर," ठकी म्हणाली. "मामंजी खूप हसले. म्हणाले, मग एकदा मुद्दाम जिंकायला सांग त्याला."

तेव्हापासून दर सणाला कल्याणला जातो. अजून जमलेलं नाही.