ओ मिळालेले नाव

"नाव वाचलं गेलं. माझ्या माणसांनी ओ दिली. मग द्यायचं राहिलं ते काय, डॉक?"

हा प्रश्न मिस आर्लिथा मॅनिगो यांनी मला २०११ च्या मार्च महिन्यात विचारला, तो एका बाईच्या केसांतून ते सरळ करायची तापलेली फणी ओढता ओढता. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या, कृष्णवर्णीयांसाठी काढलेल्या बेथेल ग्रोव्ह विद्यापीठात गणित शिकवण्यात तोवर माझी सव्वीस वर्षे गेली होती. ‘अमुक असेल तर तमुक’ या साखळीवरच माझे पोट चालत आले होते. तरीही ही कडी माझ्यासाठी नवी होती.

मी तिथे निरोप्या म्हणून गेलो होतो. विद्यापीठाला सव्वाशे वर्षे पूर्ण होत होती आणि प्रार्थनागृहाच्या लांब ओवरीत नामवंतांची भिंत नव्याने मांडली जात होती. डाव्या हाताला माजी विद्यार्थी, उजव्या हाताला अध्यापक. एक न्यायाधीश, दोन बिशप, लष्करातला एक जनरल, भुईमुगाच्या रोगांवर आयुष्य घालवलेली एक शास्त्रज्ञ. निवड समितीत मी होतो. गोऱ्यांपुरत्या राखलेल्या खानावळीत जाऊन बसल्याबद्दल १९६० साली कॉलेजने जिला काढून टाकले, त्या विद्यार्थिनीला आता सन्मान्य पदवी द्यावी आणि तिचा फोटो डाव्या भिंतीवर लावावा, असे समितीने एकमताने ठरवले होते. ती म्हणजेच मिस आर्लिथा. त्यांचे केस बसवण्याचे पार्लर कॉलेजच्या फाटकासमोर, माझ्या घराला लागून. म्हणून निरोप माझ्याकडे आला.

"सन्मान्य म्हणजे कसली?" ड्रायरखाली बसलेल्या सिस्टर बर्नेटांनी यंत्राच्या आवाजावर आवाज चढवून विचारले. चर्चच्या गायनवृंदात चाळीस वर्षे पहिल्या रांगेत उभ्या राहिलेल्या या बाईंना हळू बोलणे ठाऊक नव्हते.

"न शिकता मिळते ती," मिस आर्लिथा म्हणाल्या. "तू घे. तुला शोभेल."

"घेतेच की! डॉक, माझं नाव घाला. आणि फोटो आजच काढा, केस बसलेत तोवर."

"त्या भिंतीवरच्या निम्म्या बायकांचे केस माझ्या हातचे आहेत. न्यायाधीशबाईंचा फोटो बघा जाऊन. कपाळावरची ती लाट कुणाची वाटते? मी त्या भिंतीवर कधीचीच आहे."

"डॉकच्या डोक्याला मात्र तू हात लावलेला दिसत नाहीस."

"त्यांच्यापर्यंत पोचायला मला उशीर झाला गं."

सगळे पार्लर हसले, टकलावर हात फिरवत मीही हसलो. मग फणी हवेत थांबली आणि मिस आर्लिथांनी तो प्रश्न विचारला.

तो समजायचा तर बेथेल ग्रोव्हमधल्या एका जुन्या नियमापासून सुरुवात केली पाहिजे. कॉलेज काढणारे मिशनरी उत्तरेकडचे होते. पदवीदानात नावे वाचली जाताना कुणी आवाज करू नये, असा दंडक त्यांनी घालून दिला. तो कार्यक्रमपत्रिकेच्या पहिल्या पानावर दरवर्षी छापतात आणि दरवर्षी तो मोडला जातो. नाव पुकारले की मागच्या रांगांतून आई उठते, मावश्या उठतात, चर्चचा अख्खा बाक उठतो आणि छप्पर हलेल अशी ओ देतो. मिस आर्लिथांची आजी, सिलिया, याचे कारण सांगत असे. तिच्या स्वतःच्या आजीचे नाव चारचौघांत मोठ्याने पुकारले गेले ते आयुष्यात एकदाच, गुलामांच्या लिलावात, आणि तेव्हा तिच्या माणसांना तोंड उघडण्याची मुभा नव्हती. "म्हणून आता पुकारलं की गप्प बसायचं नाही. कागद कॉलेज देतं, ओ आपण देतो. ओ मिळाली की झालं," असे आजीचे म्हणणे. विद्यापीठाच्या घटनेत या वाक्याला जागा नाही. पण त्या गावात घटना वाचलेली माणसे मला फार भेटली नाहीत, आणि हे वाक्य पाठ नसलेले माणूस एकही भेटले नाही.

१९६० साली आर्लिथा शेवटच्या वर्षाला होती. तिच्याबरोबर खानावळीत बसलेली बाकीची मुले खालच्या वर्गांतली, ती पुढे दुसऱ्या कॉलेजांतून शिकली. हिच्या सगळ्या परीक्षा उरकल्या होत्या, झगा शिवून तयार होता. देणगीदारांनी डोळे वटारले आणि पदवीदान तोंडावर आले असताना तिला काढून टाकण्यात आले. आवारात पाऊल टाकायला तिला बंदी होती, आजीला नव्हती. पदवीदानाच्या दिवशी आजी रविवारची टोपी घालून मागच्या रांगेत जाऊन बसली. "वाचायचं विसरले तर मी वाचीन," असे ती शेजारणीला म्हणाली, ही गोष्ट गावात अजून सांगतात. आर्लिथा फाटकाबाहेरच्या ओकखाली उभी होती.

नावे वाचण्याचे काम वक्तृत्व शिकवणाऱ्या थॅडियस विगफॉल सरांकडे असे. हा मनुष्य भित्रा म्हणून ओळखला जाई. वर्गात कधी पुस्तकाबाहेर गेला नाही, कुठल्या सभेत हात वर केला नाही. त्या दिवशी त्यांनी ‘लुकस’ हे आडनाव वाचले, मग कागदावरून नजर उचलली, कारण पुढचे नाव कागदावर नव्हते. समोर पाहून ते म्हणाले, "मॅनिगो, आर्लिथा रूथ." मग चष्मा सारखा केला आणि खाली पाहून त्यापुढचे नाव वाचले.

आजी उठली. "आहे! इथंच आहे!" तिच्यामागोमाग चार रांगा उठल्या. मे महिना असल्याने खिडक्या उघड्या होत्या. ओकखाली उभ्या असलेल्या मुलीने आपले नाव ऐकले आणि ओही ऐकली.

विगफॉल सरांना त्याच आठवड्यात घरी पाठवले. ते फिलाडेल्फियाला गेले, तिथल्या टपाल कचेरीत पत्रांची विभागणी करत राहिले आणि १९७९ साली वारले. पुन्हा कुठल्याही वर्गापुढे उभे राहिले नाहीत. मिस आर्लिथा पाउंड केक घेऊन त्यांना एकदा भेटून आल्या होत्या.

"मी म्हटलं, सर, माझ्यापायी तुमचं वाटोळं झालं," त्यांनी मला सांगितले. "तर म्हणाले, ‘खुळ्यासारखं बोलू नकोस. तू पास झाली होतीस, मी वाचलं. आता केक कापणार आहेस, की भाषण करणार आहेस?’"

तेव्हा प्रश्नाचा पीळ असा होता. सन्मान्य पदवी घेणे म्हणजे आजवर पदवी नव्हती हे कबूल करणे. ती नव्हती असे मानले, तर एका भित्र्या माणसाने आयुष्यात एकदाच, नोकरीची किंमत देऊन जे वाचले, ते खोटे ठरते. मिस आर्लिथांना स्वतःसाठी काही नको होते. त्यांना सरांचे वाचन खरे ठरायला हवे होते. विगफॉल हे नाव उजव्या भिंतीसाठी समितीत कुणी सुचवलेही नव्हते.

मी निरोप परत नेला. मग अध्यक्ष डॉ. लेमुएल क्रॉफ्ट स्वतः पार्लरमध्ये आले. सज्जन माणूस, नीट बेतलेले कपडे, नीट बेतलेली वाक्ये.

"मिस आर्लिथा, हा तुमचा मान आहे."

"मान असेल, पण माझा नाही. माझा मान १९६० सालचा आहे. तिथं ‘१९६०’ लिहा. आणि समोरच्या भिंतीवर आधी सरांना लावा. मग माझा फोटो मी स्वतः आणून देते, खिळाही आणते."

"झालेलं मी कसं बदलू? विश्वस्त आहेत, देणगीदार आहेत."

"बदला कोण म्हणतंय, बाळ? घडलं ते घडलं, एवढंच म्हणायचंय. त्याला पण देणगीदार लागतात?"

डॉ. क्रॉफ्ट हसून उठले. बाहेर पडताना मला हळूच म्हणाले, "आपण जाहीर करून टाकू. नाव पुकारल्यावर कोण बसून राहतं? आजवर कुणी राहिलेलं नाही."

त्यांचे निरीक्षण खोटे नव्हते. शिवाय मिस आर्लिथा पदवीदानाला येणार, हे त्यांना माहीत होते. त्या दरवर्षी येत. आदल्या दिवशी मुली केस बसवून घ्यायला आल्या की त्या प्रत्येकीला एकच विचारत: उद्या तुझ्यासाठी कोण ओरडणार? जिच्यासाठी कुणी नसे, तिच्यासाठी त्या स्वतः मागच्या रांगेत जाऊन उभ्या राहत. आजीच्या नियमातली त्रुटी त्यांनी अशी वर्षानुवर्षे भरून काढली होती. त्या वर्षीची मुलगी केटुरा बोल्डन, परक्या घरांतून वाढलेली. "कुणी नाही माझं, मिस आर्लिथा," असे ती खाली मान घालून म्हणाली, तेव्हा मी माझ्या पत्नीची वाट पाहत तिथेच बसलो होतो.

"मान वर कर, नाहीतर कान भाजेल. मी आहे ना. सगळं नाव सांग, मला आडनावासकट ओरडायला आवडतं." मग त्या पार्लरभर नजर फिरवून म्हणाल्या, "आणि ऐका सगळ्याजणी. उद्या क्रॉफ्ट माझं नाव घेणारेत, पत्रिकेत छापलंय. त्या नावाला कुणी ओ द्यायची नाही. घरी सांगा, चर्चमध्ये सांगा. माझ्या नावाला ओ मिळून चुकलीय. एका नावाला दोनदा ओ नाही."

"मला गप्प बसायला सांगतेस?" सिस्टर बर्नेटा म्हणाल्या. "ते देवालाही जमलेलं नाही."

"एका नावापुरती गप्प बस. बाकीच्यांना बोंबल खुशाल."

दुसऱ्या दिवशी सभागृह भरले. सव्वाशेव्या वर्षामुळे नेहमीपेक्षा अधिक भोंगे, अधिक टोप्या, अधिक पंखे. मी झगा घालून व्यासपीठाच्या पायरीशी बसलो होतो. प्रास्ताविक झाले. डॉ. क्रॉफ्ट यांनी मानपत्र वाचले, ‘धैर्य’ हा शब्द त्यात अनेकदा आला. मग त्यांनी आवाज उंचावला: "सन्मान्य पदवी, मिस आर्लिथा रूथ मॅनिगो!" आणि मागच्या रांगेकडे हात पसरला.

पुढच्या पाहुण्यांच्या रांगेत टाळ्या सुरू झाल्या. मागून कुणीच साथ देत नाही हे लक्षात येताच त्या चुकार थेंबांसारख्या थांबल्या. मग जे झाले ते त्या सभागृहाने सव्वाशे वर्षांत अनुभवले नव्हते. मिशनऱ्यांचा नियम पाळला गेला. चर्चचे बाक, केस बसवलेल्या मुली, त्यांच्या आया, कुणीही ब्र काढला नाही. सिस्टर बर्नेटांनी हातरुमाल तोंडावर दाबून धरला होता. कागदी पंख्यांची फडफड तेवढी ऐकू येत होती. मिस आर्लिथा हात मांडीवर ठेवून, ताठ, समोर पाहत बसल्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आपले काम आधीच उरकलेल्या माणसाचा निवांतपणा होता.

डॉ. क्रॉफ्ट यांचा हात पसरलेलाच राहिला. तो खाली येण्याआधी त्यांनी हळूच, पण ध्वनिक्षेपकातून ऐकू येईल असे विचारले, "मिस आर्लिथा?"

"बसलेय मी," त्या जागेवरूनच म्हणाल्या. "तुम्ही पोरांची नावं वाचा. ताटकळलीत बिचारी."

नावे वाचायला सुरुवात झाली. पहिल्याच नावाला सभागृह असे फुटले, की जणू इतका वेळ कोंडलेला श्वास त्या एका मुलाच्या वाट्याला आला. ‘ब’ अक्षर आले. "बोल्डन, केटुरा." पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावरची ती बाई खुर्चीच्या पाठीला धरून उठली आणि ओरडली, "आहे! इथंच आहे! केटुरा बोल्डन! आहे!" तिच्यामागोमाग चार रांगा उठल्या. मुलगी पायरीवर थबकली, तिने वळून पाहिले, आणि मान वर करूनच पुढे गेली.

समितीच्या पुढच्या बैठकीत मी विगफॉल हे नाव मांडले. त्याला अनुमोदन द्यायला कुणी कचरले नाही. त्या शांततेने ते काम आधीच करून ठेवले होते. विश्वस्तांशी झालेली रस्सीखेच मात्र लांबली. डॉ. क्रॉफ्ट यांनी ती प्रामाणिकपणे लढवली, हेही नोंदवले पाहिजे. या काळात मिस आर्लिथांनी एकदाही चौकशी केली नाही. फक्त मी फाटकातून बाहेर पडलो की त्या पार्लरच्या दारातून विचारत, "काय डॉक, सुटलं का गणित?"

विश्वस्त मंडळाने २०१४ च्या मे महिन्यात ठराव केला: १९६० च्या पदवीदानात वाचली गेलेली सर्व नावे त्या वर्षीच्या पदवीधरांची समजावीत. थॅडियस विगफॉल यांचा फोटो त्याच वर्षी १८ ऑक्टोबरला उजव्या भिंतीवर लागला. आर्लिथा मॅनिगो यांचा फोटो डाव्या भिंतीवर २०१५ च्या जानेवारीत लागला. त्याखाली नाव आणि ‘वर्ग १९६०’ एवढेच आहे.