युनूसभाईंचे मागे बांधलेले हात

युनूसभाई तांबोळी प्लांटमध्ये फिरायचे ते दोन्ही हात पाठीमागे बांधून. समोरून बघणाऱ्याला वाटावं, माणूस संध्याकाळी पाय मोकळे करायला निघालाय. मागून बघितलं की खरा प्रकार कळायचा. त्यांची बोटं सारखी चालू असायची. एखादा व्हॉल्व्ह जरा जास्त उघडा दिसला की पाठीमागची बोटं तो हवेतच बंद करायची, पण हात काही सुटायचा नाही. ज्याचं काम असेल त्याच्याशेजारी जाऊन उभे राहायचे आणि विचारायचे, "काय म्हनतंय मशीन?" मग तो माणूस बघायचा, खजील व्हायचा आणि स्वतःच व्हॉल्व्ह फिरवायचा.

नगरहून पारनेरकडे जाताना लागणाऱ्या त्या डेअरीत मी दही विभाग सांभाळायला रुजू झाले, तेव्हा ते प्लांट मॅनेजर होते. मूळचे जामखेडचे. दुधाचे कॅन धुण्यापासून सुरुवात केलेली, त्यामुळे तिथला नट न् नट त्यांच्या ओळखीचा. मी डेअरीची डिग्री घेऊन आलेली आणि स्वभावानं भलती उतावळी. शांत बसणं मला आजही जमत नाही. हे लिहितानासुद्धा गॅस बंद आहे ना, ते दोनदा बघून आले. "मॅडम, तुमच्या हाताला लई घाई हाय," पहिल्याच आठवड्यात ते म्हणाले. मला वाटलं, कौतुक करतायत.

सात वर्षं मी तो विभाग अंगावर ओढून घेतला. दही आधी उबेच्या खोलीत लावायचं आणि नेमकं जमलं की लगेच थंड खोलीत हलवायचं. लवकर हललं तर पातळ राहतं, उशीर झाला तर आंबट ढाण होतं. आंबटपणा मोजायला यंत्र होतं, पण शेवटची काही मिनिटं नजरेची. कप जरासा कलता करून मी सांगायचे, "काढा." मी घरी असले तर संतोष, आमचा ऑपरेटर, कपाचा फोटो पाठवायचा आणि मी भाजीला फोडणी देता देता "काढ" म्हणायचे. एकदा त्यानं न विचारता जरा लवकर काढलं, तर सगळ्यांसमोर त्याला असा झापला की दोन दिवस त्यानं मान वर करून माझ्याकडे बघितलं नाही. तेव्हा मला त्याचं काहीच वाटलं नव्हतं.

मग युनूसभाईंची निवृत्ती जवळ आली. ती जागा मला हवी होती. आडपडदा कशाला ठेवू, फार हवी होती. त्या डेअरीत आजवर एकही बाई प्लांट मॅनेजर झालेली नव्हती, आणि मालक म्हणाले होते की युनूसभाई म्हणतील त्यालाच बसवू. मी नेतृत्वावरचे दोन ऑनलाइन कोर्स केले, सर्टिफिकेटं लॅमिनेट केली आणि फाईल त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी एकेक पान शांतपणे बघितलं. तोवर मी त्यांच्या टेबलावरची पेनं एका रांगेत लावून टाकली.

"कागद झ्याक हायत," ते म्हणाले. "आता आठ दिवस रजेवर जावा. मोबाईल बंद ठिवायचा."

मी राजूरला माहेरी गेले. वडिलांना वाटलं, लेक भांडून आली. आईच्या हातातलं प्रत्येक काम मी हिसकावून घेत होते. बंद मोबाईल दिवसातून दहा वेळा हातात घ्यायचा आणि परत उशाखाली ठेवायचा, असे आठ दिवस काढले.

परत आले तर संतोष खाली मान घालून उभा. तिसऱ्या दिवशीचं सगळं दही आंबून गेलं होतं, फेकून द्यावं लागलं. यंत्रावरचा आकडा त्याच्यासमोर होता, कप त्यानं कलता करून बघितला होता, आणि तरी तो माझा बंद फोन लावत बसला होता.

"मला कळत हुतं मॅडम," तो म्हणाला. "पन नंतर तुमी म्हनला असता, कुनाला इचारून काढलं?"

"आणि युनूसभाई?"

"बाजूलाच हुते. तीनदा म्हनले, काय म्हनतंय दही? मी म्हनलं, मॅडमचा फोन लागत न्हाई."

मी तडक केबिनमध्ये गेले. "तुम्ही नुसते बघत उभे राहिलात?"

"व्हय," युनूसभाई म्हणाले. "आन तुमी खरं सांगा. तुमच्यावाचून अडलं, हे ऐकून बरं वाटलं का न्हाई?"

वाटलं होतं. गेटपासून केबिनपर्यंत रागाच्या खाली मला गुदगुल्याच होत होत्या.

"मालकाला सांगितलंय, चूक माझी हाय. दह्याचं नुकसान मी अंगावर घेतलं. सात वर्सांत तुमी त्या संतोषचं नुकसान केलं, ते कुनी घ्यायचं?"

शिफारशीत त्यांनी लिहिलं, 'अजून एक वर्ष.' मालकांना विनंती करून स्वतःही वर्षभर थांबले. मला त्यातलं फक्त पहिलं दिसलं. महिनाभर मी त्यांच्याशी बोलले नाही. समोर आले की वाट बदलायचे, मनातल्या मनात राजीनामा लिहायचे, आणि संतोषचं ते वाक्य काही डोक्यातून जायचं नाही.

शेवटी एका दुपारी मी उबेच्या खोलीच्या दारात उभी राहिले आणि संतोषला म्हणाले, "आज तू सांगायचं, कधी काढायचं ते." त्याला ते खरं वाटेना. मी हात पाठीमागे घेऊन एकमेकांत घट्ट धरले. त्यानं काढलं, थोडं लवकरच काढलं. दही जरा सैल आलं, पण चालण्यासारखं होतं. ओठावर आलेलं वाक्य गिळून मी बाहेर नळावर जाऊन तोंड धुतलं. मागे बघते तर युनूसभाई.

"काय म्हनतंय मशीन?" त्यांनी मला विचारलं. महिन्यानंतर मी पहिल्यांदा त्यांच्यासमोर हसले.

वर्षानं ती जागा मला मिळाली. ते जामखेडला गेले आणि तिथून त्यांनी एकदाही फोन केला नाही. मीच एकदा वैतागून केला, म्हटलं, प्लांटची आठवण येत नाही का? "बोटं चालत्यात की अजून," ते म्हणाले. "पन हात मागं हायत."

गेल्या हिवाळ्यात सकाळी सकाळी युनूसभाई गेल्याची बातमी संतोषच घेऊन आला. दही विभाग आता तो बघतो. मी होते तशी जामखेडला निघाले. दुपारी मय्यत उठली, घरात आम्ही बायका राहिलो. त्यांची बायको, आमची भाभी, माझा हात धरून सांगत होती, "शेवटपत्तूर बोटं चालू हुती बघा. काय पायजे म्हनून इचारलं, तर नुसते हसले." मी मान हलवत होते आणि लाज वाटत असूनही मांडीवरच्या मोबाईलकडे बघत होते. सकाळपासून तो एकदाही वाजला नव्हता.

चार वाजता मला राहवेना. अंगणात येऊन मीच संतोषला फोन लावला.

"दही लावलं, जमलं, काढलं पन," तो म्हणाला. "तुमी बसा तिथं निवांत. इकडं तुमचं काय काम न्हाई."

आधी टचकन लागलं, खोटं कशाला सांगू. मग हुंदका फुटला तो आवरेचना. कुणाचं माझ्यावाचून काही अडलं नव्हतं. आणि ही गोष्ट ज्यांना धावत जाऊन सांगायची, त्यांना माणसं दुपारीच घेऊन गेली होती.