शेवडेकाकांचा उजवा ब्रेक

शेवडेकाका कुणाच्याही घरी गेले की बसण्याआधी खुर्ची हलवून बघायचे. यजमान पाण्याचा ग्लास घेऊन "बसा ना काका" म्हणत उभा, आणि काका दोन्ही हातांनी खुर्चीची पाठ धरून तिला डावीउजवीकडे हलवतायत, हे दृश्य कॅल्गरीतल्या बऱ्याच मराठी घरांनी पाहिलेलं आहे. खुर्ची कुरकुरली तर ती उलटी व्हायची, काकांच्या खिशातून पाना निघायचा आणि जेवण तेवढं लांबायचं. मी नागपूरहून नवी नवी आले होते, शेजारच्या घरातली वडीलधारी माणसं म्हणून काका-काकूंना हौसेने जेवायला बोलावलं, तर आमच्या सगळ्या खुर्च्या वर पाय करून पडल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काका मात्र खुशीत होते. "विश्वास देवावर ठेवायचा गं मुक्ता, बोल्टवर नाही," असं म्हणून त्यांनी शेवटची खुर्ची सरळ केली आणि मग वरण वाढायला सांगितलं.

इथल्या एका तेल कंपनीत त्यांनी जन्मभर पाइपलाइनची ड्रॉइंग तपासली होती. दुसऱ्यांनी काढायची, यांनी त्यात चुका शोधायच्या. हाताखालच्या पोरांना ते सांगायचे, "चूक होत नसते, चूक सोडलेली असते. ती कुणी सोडली तेवढं शोधा." आपण कधी सोडली नाही, याचा त्यांना फार अभिमान होता आणि तो लपवायची त्यांना गरज वाटत नसे. शैलाकाकू म्हणायच्या, यांच्याशी भांडून काही उपयोग नाही, हे घरात येतानाच सगळं तपासून आलेले असतात. चेष्टेत म्हणायच्या, पण त्यात थोडी खंतही असायची. बरोबर असणाऱ्या माणसाबरोबर इतकी वर्षं राहणं काही सोपं नसावं.

रिटायर झाल्यावर लोक गोल्फ खेळतात, फ्लोरिडाला जातात. काकांनी गाडी बांधायला घेतली. सांगाडा आणि बॉडी पेट्यांमधून घरी आली, आणि इंजिन, गिअरबॉक्स, स्टिअरिंग, ब्रेक हे सगळं काढायला त्यांनी भंगारवाल्याकडून एक जपानी दोन-सीटर आणली. तिला मागून कुणीतरी ठोकलं होतं, पण पोट शाबूत होतं. काका येणाऱ्याजाणाऱ्याला बजावायचे, "हिच्याशी अदबीने वागा. हिने देहदान केलंय." पुढची दोन-तीन वर्षं त्या गाडीने गॅरेज अडवलं आणि काकूंना ग्रोसरीला नेणारी रोजची गाडी उणे तीसच्या थंडीतही बाहेर ड्राइव्हवेवर कुडकुडत राहिली.

काकूंनी त्या काळात गॅरेजमध्ये पाऊल ठेवलं नाही. आतल्या दारातून चहा सरकवायच्या आणि दार लावून घ्यायच्या. त्यांना गाडी या वस्तूचीच भीती होती. लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत त्यांनी धाकट्या भावाला भाऊबीजेला "येच" म्हणून हट्टाने बोलावलं होतं, आणि तो वाटेतच अपघातात गेला. दर भाऊबीजेला त्या चंद्राला ओवाळायच्या आणि मग रात्रभर जाग्या असायच्या. एकदा मला म्हणाल्या, मी बोलावलंच नसतं तर तो निघालाच नसता.

म्हणून गाडीला परवानगी देताना त्यांनी एक अट घातली होती, माझ्यादेखत. गाडी रस्त्यावर गेल्यावर एकदा, फक्त एकदा जरी काही वेडंवाकडं झालं, तरी ती विकायची. कारण ऐकणार नाही. फक्त तुमची चूक नव्हती असं निघालं, दुसऱ्या कुणी येऊन धडक दिली वगैरे, तर गोष्ट वेगळी. काकांनी लगेच शब्द दिला. आपल्या हातून चूक होणार नाही हे त्यांनी धरूनच चाललेलं होतं, तेव्हा शब्द द्यायला त्यांचं काय जात होतं?

ब्रेकच्या कामाला मात्र त्यांना दुसरं माणूस लागलं, आणि ते माणूस म्हणजे मी. ब्रेकच्या नळ्यांमधली हवा काढायची तर एकाने आत बसून पेडल दाबायचं आणि दुसऱ्याने चाकापाशी स्क्रू उघडायचा. शनिवारची सकाळभर मी त्या अर्धवट गाडीत लोखंडी पट्टीवर बसून होते आणि खालून हुकूम येत होते, "दाब. धर. धर म्हटलं ना. आता सोड." चारी चाकं झाली. काकांनी ती पुन्हा पहिल्यापासून केली. माझी पोटरी भरून आली तेव्हा मी म्हटलं, काका, बुडबुडे तर केव्हाच थांबले. ते म्हणाले, "थांबलेत ते तुला दिसतायत. मला खात्री व्हायला हवी." एवढं सांगायचं कारण, ते ब्रेक पक्के होते. मी साक्षीदार आहे. नंतर सरकारमान्य मेकॅनिकनेही गाडी लिफ्टवर चढवून सगळं खालून-वरून पाहिलं आणि पास केली.

नंबर प्लेट हातात आली तेव्हा ऑक्टोबर लागला होता. एकदा बर्फ पडला की उघडी गाडी वसंतापर्यंत बाहेर निघणार नव्हती. दसऱ्याला पहिली फेरी मारायची ठरलं. सकाळी काकांनी प्रत्येक चाक हलवून पाहिलं, प्रत्येक बोल्टला पाना लावला. तपासणी झाल्यावर गाडीला कुणी हात लावायचा नाही असा त्यांचा कडक नियम होता. पण त्याच वेळी आतलं दार उघडलं आणि काकू पूजेचं ताट घेऊन पायरीवर उभ्या राहिल्या. रेशमी साडी, वरून स्वेटर. "सणाचं एवढं करते," म्हणाल्या. काका नारळ आणायच्या निमित्ताने वर गेले आणि अंमळ जास्तच वेळ तिथे राहिले. हे सगळं मला मागाहून कळलं, पण ते डोळे पुसायला गेले होते, असं माझं मत आहे.

मी पोचले तेव्हा बॉनेटवर स्वस्तिक होतं, स्टिअरिंगला झेंडूची माळ होती आणि काकू गुडघा चोळत होत्या. "अहो, वाकवेना मला. पायरीकडच्या एकाच चाकाची पूजा केली. चालेल ना?" मला शेजारच्या सीटवर बसवून काका माझा पट्टा आवळत होते. चालेल, चालेल, म्हणाले. त्यांनी नारळ फोडला, काकूंनी आम्हा दोघांना ओवाळलं, आणि गाडी निघाली.

गल्लीत काका गोगलगाईच्या वेगाने चालले होते. कोपऱ्यावर ब्रेक दाबला, गाडी थांबली. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मला थंडीने दात वाजत असतानाही हसू आलं, कारण त्यांच्या चेहऱ्यावर नव्या नवरदेवाचा भाव होता. मोठ्या रस्त्याला लागल्यावर त्यांनी वेग घेतला. जमीन बुडाखालून इतक्या जवळून पळताना मी कधी पाहिली नव्हती. पुढे रस्ता नदीच्या दिशेने उतरतो. लांब, सरळ उतार आणि तळाशी सिग्नल. सिग्नल लाल होता.

काकांनी ब्रेक दाबला आणि गाडी डावीकडे ओढली गेली.

सरकली नाही, ओढली गेली, कुणीतरी कान धरून ओढावं तशी. मधली पिवळी रेघ आमच्या खालून गेली. समोरून एक पिकअप ट्रक चढ चढून येत होता. मी ट्रकची जाळी पाहिली, तिच्यावर अडकलेलं वाळकं पान पाहिलं. काकांनी ब्रेकवरचा पाय काढला. उतारावर, समोर ट्रक असताना, ब्रेकवरचा पाय काढायला काय छाती लागत असेल! गिअर खाली टाकला, हँडब्रेक ओढला, स्टिअरिंग उजवीकडे कापलं. ट्रकचा भोंगा माझ्या डाव्या कानावरून गेला. आम्ही फुटपाथच्या कडेवर आदळलो, गवतात चढलो आणि एका कुंपणाच्या अलीकडे थांबलो. इंजिन बंद पडलं. ट्रकवाला भला माणूस, थांबून धावत आला, ठीक आहात ना विचारलं. काका त्याला ओके, ओके म्हणत राहिले. त्यांचे हात स्टिअरिंगवरून सुटत नव्हते.

तो गेल्यावर काका उतरले. आधी पुढच्या डाव्या चाकापाशी वाकले, आऱ्यांमधून हात आत घालून ब्रेकच्या चकतीजवळ नेला. तापली होती. मग उजवीकडे आले. ती चकती गार होती. त्यांनी तिच्यावरून बोट फिरवलं आणि बोट वर धरलं. बोट शेंदरी होतं. त्यांनी ते नाकाशी नेलं आणि माझ्यापुढे केलं. तिळाचं तेल.

त्या चाकाच्या आऱ्यांमधून चकती नव्या ताटासारखी लखलखते. साऱ्या गाडीत देवाला शोभेल अशी जागा तीच. कोरडं कुंकू लोखंडावर टिकत नाही, म्हणून काकूंनी तेलात कालवलेला शेंदूर लावला होता, अगदी मनापासून, भरपूर. गल्लीत तो नुसता पसरला. उतारावर उजव्या ब्रेकने पकडलंच नाही, डाव्याने पकडलं.

मला सुटल्यासारखं वाटलं. म्हटलं, काका, म्हणजे तुमची चूक नाहीच. अट लागूच होत नाही, गाडी राहिली. काकांनी खिशातून रुमाल काढला आणि चकती पुसायला घेतली. आऱ्यांच्या कडा, मागची बाजू, सगळं. मला वाटलं त्यांनी ऐकलं नाही, म्हणून मी पुन्हा म्हटलं.

"मुक्ता," ते म्हणाले, "तिच्या डोक्यावर एक माणूस आधीच आहे. आणखी दोन नकोत."

"पण काका, खरं तर..."

"तपासून झाल्यावर गाडी सोडून वर कोण गेलं? मी. चूक सोडलेली असते." त्यांनी रुमालाची घडी केली. "तू काही पाहिलं नाहीस."

तो रुमाल त्यांनी बस स्टॉपच्या कचऱ्याच्या डब्यात टाकला. मी तिथेच रडायला लागले. अपघातात रडले नव्हते, तेव्हा रडले.

गाडी टो ट्रकवरून घरी आली. काकू ड्राइव्हवेवर येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी आधी काकांना चाचपून पाहिलं, मग मला, आणि मग काय झालं म्हणून विचारलं. ज्यांनी आयुष्यात कधी हार कबूल केली नव्हती, ते काका टोवाल्यासमोर, माझ्यासमोर, सरळ उभं राहून म्हणाले, "उजव्या ब्रेकचा जोड मी नीट आवळला नव्हता. माझं चुकलं, शैला." काकू पायरीवर बसल्या. आरडाओरडा केला नाही. एवढंच म्हणाल्या, विकायची. काका म्हणाले, हो, विकायची. मी जमिनीकडे पाहत उभी होते.

ही गोष्ट गावभर व्हायला कितीसा वेळ लागणार? मंडळाच्या दिवाळीत काकांनी सवयीप्रमाणे खुर्ची हलवून पाहिली आणि पूर्ण टेबल हसलं. कुणीतरी म्हणालं, काका, खुर्ची राहू द्या, ब्रेक आवळलेत ना? लोकांना आनंद झाला होता, यात खोटं कशाला बोलायचं? जन्मभर ज्याने सगळ्यांच्या चुका काढल्या, त्याचीही एक सापडली होती. माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. काका हसले, म्हणाले, "वय झालं," आणि पुरणपोळीवर तूप मागितलं. इतका मानी माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि तो मान त्यांनी त्या दिवशी पानातलं मीठ बाजूला सारावं तसा सारला. मला त्यांचा राग आला होता. अजूनही कधीकधी येतो.

गाडी वसंतात लेथब्रिजच्या एका तरुण जोडप्याने नेली. त्यांनी विचारलं, काही प्रॉब्लेम झाला होता का. काकू दारातच उभ्या होत्या. काकांनी सांगितलं, एकदा ब्रेकचा झाला होता, चूक माझी होती, आता सगळं नवं घातलंय. गाडी कोपऱ्यावर दिसेनाशी होईपर्यंत ते बाहेर उभे राहिले आणि मग रिकाम्या गॅरेजमध्ये झाडू मारायला गेले. त्याच वर्षी घर विकून दोघं मुलीजवळ पश्चिम किनाऱ्याकडच्या कोक्विटलामला राहायला गेली. तिथे त्यांनी दोन हिवाळे काढले. तिसऱ्यात काका झोपेतच गेले.

मी काकूंना भेटायला गेले तेव्हा त्या खिडकीशी बसल्या होत्या. बाहेर तिथला न संपणारा पाऊस होता. त्या बराच वेळ काकांबद्दल बोलत राहिल्या, आणि मग मुलगी चहा टाकायला आत गेलीय असं पाहून माझा हात धरला.

"एक सांगू? यांना मी हे कधी बोलले नाही. एवढे शिकलेले, त्यांना आवडलं नसतं. त्या दिवशी यांच्या हातून एवढी मोठी चूक झाली, तरी तुम्हा दोघांना खरचटलंसुद्धा नाही. का ते मला माहीत आहे. मी त्या चाकाला शेंदूर लावला होता." त्यांचा आवाज अगदी शांत होता. "भावाच्या वेळी मी काही करू शकले नाही गं. पण यांच्या वेळी केलं. तेव्हापासून मला भाऊबीजेला झोप लागते."

मी त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला.

"हो काकू," मी म्हटलं. "त्यामुळेच वाचलो आम्ही."