वेतसीच्या गोष्टीचं शेवटचं पान

ताई गेली, हे मला कळलं ते पेढ्याचा पुडा घेऊन तिच्या जिन्यात उभ्या असलेल्या एका तरुण बापाकडून. मी रविवारची भाजी घेऊन अधारतालला तिच्याकडे निघालो होतो. तो म्हणाला, "भैया, दीदी दार नाही उघडून राहिल्या. मुलीसाठी नाव घ्यायचं होतं." माझ्याजवळ दुसरी किल्ली होती. ताई खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेली होती. चष्मा डोळ्यांवर, मांडीवर मिटलेलं पुस्तक, खुणेसाठी आत घातलेलं बोट तसंच... पेन घरंगळत खुर्चीखाली गेलं होतं. पुस्तक कोणतं ते मी लांबूनच ओळखलं. ते मी न उघडता तिच्या ट्रंकेत ठेवून दिलं, आणि मग लोकांना फोन केले.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. मुलींच्या शाळेत तिनं आयुष्यभर संस्कृत शिकवलं, लग्न केलं नाही, आणि जबलपुरातल्या निम्म्या मराठी घरांची आत्या होऊन बसली. फॅक्टरीतले, रेल्वेतले, सगळे बाळाचं नाव विचारायला तिच्याकडे यायचे. ती जुन्या काव्यांतून नाव काढून द्यायची, पण लगेच नाही. त्या नावाचं माणूस गोष्टीत शेवटी कुठं पोचतं, हे वाचल्याशिवाय ती चिठ्ठी लिहीत नसे. म्हणायची, "नाव एकटं नाही येत, बाप्पा. मागून त्याची गोष्ट चालत येते." जबलपूरजवळच्या पाटणच्या एका धान्यवाल्यानं तिचं न ऐकता नातवाला एका घर सोडून गेलेल्या राजपुत्राचं नाव ठेवलं. पोरगा एकोणिसाव्या वर्षी जो गेला तो परतलाच नाही. मी तिला चिडवायचो, अगं पाटणची पोरं एकोणिसाव्या वर्षी कामाधंद्याला बाहेर जातातच, त्याला काव्य कशाला लागतं? ती हसायची नाही.

माझी नोकरी फॅक्टरीत माल तपासण्याची. गेज लावायचं, पास की नापास ते सांगायचं. उभ्या नोकरीत मी न मोजता काही पास केलं नाही. घरात मात्र एकदा केलं, आणि ते आता लिहूनच टाकतो.

माझी मुलगी झाली तेव्हा ताईनं सराफ्यामागच्या रद्दीवाल्याकडून आणलेलं एक जुनं काव्य हाती घेतलं होतं. वर संस्कृत, खाली मराठी अर्थ. त्यात नावाड्याची मुलगी होती, वेतसी. वेतसी म्हणजे नदीकाठचा वेत. हिला रोज तिन्हीसांजेला पलीकडच्या काठावरून कोणीतरी हाक मारतं, आणि एके दिवशी ती रिकाम्या नावेत पाय ठेवते. ताईचं वाचन इथवर आलं आणि तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. पट्टी बांधलेली, बारसं दुसऱ्या दिवसावर, पाहुणे घरात. मला म्हणाली, "अरुण, शेवट वाच. ती घरी येते का, तेवढंच सांग."

मी पान उलटलं तर पुढं काही नव्हतंच. शेवटची पानं वाळवीनं खाल्ली होती, नुसती माती राहिली होती. नाव मात्र माझ्या बायकोच्या मनात भरलेलं. मी म्हणालो, "येते गं घरी. सुखात राहते." दुसऱ्या दिवशी ताईनं पट्टी बांधलेल्या डोळ्यांनीच पाळण्याशी वाकून बाळाच्या कानात कुर्र केलं आणि ते नाव सांगितलं.

पट्टी सुटल्यावर तिनं पुस्तक पाहिलं असणारच. मला एका शब्दानं विचारलं नाही. पण त्या दिवसापासून रोज दिवेलागणीला ती वेतसीला तीनदा पूर्ण नावानं हाक मारू लागली, आणि पोर 'ओ' देईपर्यंत दारातून हलायची नाही. आम्ही सगळे 'वेतू' म्हणायचो, पूर्ण नाव फक्त तिच्या तोंडी. मुलगी नोकरीला पुण्याला गेली तर हाका फोनवर सुरू झाल्या. "आत्या, मी मीटिंगमध्ये आहे न!" "असशील. ओ दे फक्त." म्हातारपणाचा छंद म्हणून आम्ही हसायचो. मी जरा कमी हसायचो.

तिसऱ्या दिवशी ताईच्या अस्थी घेऊन नर्मदेवर ग्वारीघाटला गेलो. वेतूची गाडी उशिरा आली म्हणून पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं. मी गुरुजींशी बोलत होतो आणि सहज मागं पाहिलं. वेतू शेवटच्या पायरीवर होती. समोर एक रिकामी नाव बांधलेली, आणि हिचा एक पाय नावेत... माझ्या तोंडून कधी नव्हे ते पूर्ण नाव निघालं. दोनदा हाक मारली तरी तिला ऐकू गेलं नाही. तिसऱ्यांदा ओरडलो तेव्हा ती झोपेतून उठल्यासारखी वळली.

"काहून गेलीस तिकडं?"

"पता नहीं, बाबा. उस पार से कोणी बोलावून राहिलं, असं वाटलं."

पलीकडच्या काठावर कोणी नव्हतं.

ताईच्या घरी आल्यावर तिची ट्रंक उघडली. पुस्तकाच्या शेवटी पांढऱ्या दोऱ्यानं टाचलेली चार पानं होती, ताईच्या सुवाच्य अक्षरात. वर संस्कृत, खाली मराठी. शाई इतकी विटलेली, की पट्टी सुटली त्याच वर्षी लिहिली असावीत. वाळवीनं खाल्लेला शेवट तिनं स्वतः रचला होता. वेतसी नावेत पाय ठेवते, तेवढ्यात मागून तिची आत्या तीनदा हाक मारते, ती 'ओ' देते आणि घरी येते. त्यातला 'आत्या' हा शब्द खोडला होता. वर ताज्या निळ्या शाईत, थरथरत्या अक्षरांत लिहिलं होतं, 'बाप'. खुर्चीखालचं पेन मला आठवलं. तिला माझं खोटं सगळी वर्षं ठाऊक होतं, आणि जाताना तिनं मला रागावण्याऐवजी काम नेमून दिलं. मी त्या पानावर डोकं ठेवून खूप रडलो.

पेढेवाला तरुण परवा पुन्हा आला होता. त्याला म्हटलं, कोणतंही नाव ठेव, पण आधी शेवटपर्यंत वाच, आणि स्वतः वाच.

आता दिवेलागणीला मी ताईच्या खुर्चीत बसून पुण्याला फोन लावतो आणि पूर्ण नावानं तीन हाका मारतो. वेतू कुरकुरत नाही, लगेच 'ओ' देते. कधी कधी तर जरा लवकरच देते. काल म्हटलं, "अगं, तिसरी तर मारू दे."

"तीन झाल्या न, बाबा. मी मोजल्या."

मी दोनच मारल्या होत्या.